पॅडची खोकी गावात नेण्याआधी: गोव्यात ग्रामीण आरोग्य आणि पाळीच्या स्वच्छतेचे काम सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

सत्तरी, डिचोली, धारबांदोडा, सांगे किंवा काणकोण तालुक्यातील एखाद्या गावात आरोग्यसेवेला हातभार लावावा, तिथल्या मुलींना आणि स्त्रियांना पाळीच्या दिवसांत लागणारे साहित्य मिळावे, अशा इच्छेने काम सुरू करणाऱ्या महिला मंडळांसाठी, महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटांसाठी, लहान संस्थांसाठी आणि एकट्यादुकट्या कार्यकर्त्यांसाठी हा लेख लिहीत आहे. या कामात पहिला विचार बहुधा पॅड किती घ्यायचे आणि कोणाच्या हस्ते वाटायचे याचा होतो. माझ्या मते तो शेवटी यायला हवा. एका पाकिटाने एक महिना भागतो. स्त्रीच्या आयुष्यात मात्र पाळी सुमारे पस्तीस वर्षे येते, म्हणजे चारशेहून अधिक वेळा. म्हणून पहिले पाकीट हातात देण्याआधी बाराव्या महिन्याचे पाकीट कोठून येणार आणि वापरलेले पॅड कोठे जाणार, या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्याकडे असली पाहिजेत. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांभोवतीच आहेत.

पहिली पायरी: गाव निवडा आणि आधी ऐका

राज्याची सरासरी पाहिली तर गोव्यात या कामाची गरजच नाही असे वाटू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते २४ वर्षे वयाच्या मुलींपैकी पाळीत स्वच्छ साधने वापरणाऱ्यांचे प्रमाण देशात सुमारे ७७ टक्के आढळले. गोव्यात ते ९५ टक्क्यांहून अधिक होते. हा आकडा समाधान देणारा आहे, परंतु तो चोवीस वर्षांपर्यंतच्या मुलींचा आहे. चाळिशीतली बाई त्यात येत नाही. मुलगी पॅड वापरते, पण तो बदलण्यासाठी शाळेतून घरी जाते, हेही त्यात दिसत नाही. रानातल्या गवळी-धनगरांच्या वाड्यावरची, कुळागरात म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत राबणारी, किंवा बांधकामावर आलेल्या मजुरांच्या खोल्यांत राहणारी स्त्री या सरासरीत हरवून जाते. म्हणून तालुका न निवडता वाडा, म्हणजे गावातली एक वस्ती, निवडावा. एका वेळी एकच वाडा घ्यावा, आणि तोही असा की जिथे वर्षभर दर महिन्याला आपल्याला जाता येईल.

पहिल्या भेटीला काहीही वाटायला नेऊ नये. हातात खोके दिसले की गाव आपल्याला हवे ते बोलू लागते. दुपारची जेवणे आटोपल्यावरची वेळ बरी असते. सोबत पुरुष कार्यकर्ते असतील तर त्यांनी त्या वेळेत पंचांना भेटावे, पाण्याची आणि रस्त्याची पाहणी करावी. गोव्यातल्या गावात बोलणे कोकणीतून होते आणि वाचणे अनेक घरांत मराठीतून होते. त्यामुळे पत्रक मराठीत असले तरी संवाद कोकणीतून करणारी एखादी बाई गटात असावीच. कामगारांच्या वस्तीत कन्नड किंवा हिंदी बोलणारी बाई लागते. ‘मासिक पाळी’ हा शब्द वर्गात चालतो, ओसरीवर चालत नाही. तिथे ‘अडचण’, ‘बाहेरची होणे’, ‘कावळा शिवणे’ असे शब्द ऐकू येतात. बाई ज्या शब्दात बोलेल, त्याच शब्दात पुढचा प्रश्न विचारावा.

‘तुम्ही काय वापरता?’ हा प्रश्न सुरुवातीला विचारू नये, कारण त्याचे उत्तर लाजेने दिलेले असते. त्याऐवजी व्यवहाराचे प्रश्न विचारावेत. कपडे धुवायला पाणी कोठून आणता? पावसात कपडे कोठे वाळवता? रात्री बाहेर जावे लागले तर दिवा असतो का? शौचालयाला आतून कडी आहे का? काजूच्या दिवसांत सकाळपासून रानात असताना बदलायची वेळ आली तर काय करता? या शेवटच्या प्रश्नावर बायका मोकळेपणाने बोलतात, हा माझा अनुभव आहे. मार्च ते मे या काळात काजू वेचणाऱ्या बाईला दिवसाचे सहा-सात तास आडोसा आणि पाणी दोन्ही मिळत नाही. कापड बदलायला मिळत नाही म्हणून कित्येक जणी त्या दिवसांत पाणीच कमी पितात, आणि मग लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन येतात. ही तक्रार उन्हाळ्याची आहे असे समजून सोडून दिली जाते.

ऐकताना दोन गटांना मुद्दाम शोधावे. अपंग किंवा मतिमंद मुलींच्या आया स्वतःहून बैठकीला येत नाहीत. त्यांच्या घरी जावे लागते, आणि त्यांना लागणारे साहित्यही वेगळे असते. दुसरा गट पाळी जाण्याच्या उंबरठ्यावरच्या बायकांचा आहे. त्यांना महिनोन्महिने अनियमित आणि जास्त रक्तस्राव होत असतो, आणि ‘या वयात असे व्हायचेच’ असे म्हणून त्या तो अंगावर काढतात.

दुसरी पायरी: आधीपासून असलेल्या यंत्रणेला भेटा

देशातल्या इतर राज्यांसाठी लिहिलेल्या बहुतेक पुस्तिका सांगतात की गावातल्या आशा कार्यकर्तीला गाठा. गोव्यात आशा कार्यकर्त्यांची व्यवस्था इतर राज्यांसारखी उभी राहिलेली नाही. इथे गावाशी रोजचा संबंध अंगणवाडी सेविकेचा, उपकेंद्रातल्या परिचारिकेचा आणि बहुउद्देशीय आरोग्य सेवकांचा असतो. नव्याने काम करणाऱ्या गटाने हे ध्यानात ठेवले नाही, तर बाहेरून आणलेला सगळा आराखडा पहिल्याच आठवड्यात अडतो.

म्हणून आपल्या वाड्याचे आरोग्य केंद्र कोणते, हे प्रथम शोधावे. वाळपई, साखळी, डिचोली, पेडणे, सांगे किंवा काणकोण यांपैकी जे केंद्र असेल, तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्यावे. आपण कोण, कोणत्या वाड्यावर, किती महिने आणि काय करणार, हे त्यात एका पानात लिहावे. ‘आम्ही शिबिर घेतो, तुम्ही डॉक्टर द्या’ अशी मागणी करण्यापेक्षा ‘तुमची परिचारिका त्या वाड्यावर कोणत्या दिवशी जाते, त्या दिवशी आम्ही बायकांना एकत्र आणू’ असे म्हणावे. यामुळे तिचा हेलपाटा वाचतो आणि आपल्याला जाणकार मिळते. पंचायतीला असेच पत्र द्यावे. शाळेत काम करायचे असेल तर मुख्याध्यापकांची आणि पालक-शिक्षक संघाची लेखी संमती आधी घ्यावी.

अंगणवाडी सेविकेच्या बाबतीत एक काळजी घ्यावी. तिच्यावर आधीच पोषण आहार, नोंदी आणि सर्वेक्षणे यांचा भार असतो. आपल्या वाटपाचे आणखी एक रजिस्टर तिच्या हाती ठेवून आपण निघून जाणे हा तिच्यावर अन्याय आहे. तिला सल्लागार माना आणि नोंदीचे काम आपण करा.

तिसरी पायरी: साहित्य निवडताना पावसाळा डोळ्यांसमोर ठेवा

किती साहित्य लागेल याचा हिशेब अंदाजाने करू नये. आपत्तीतील मदतीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांच्या २०१८ च्या आवृत्तीत दर स्त्रीमागे महिन्याला १५ एकदा वापरायचे पॅड, किंवा वर्षाला ६ पुन्हा वापरायचे पॅड, किंवा वर्षाला ४ चौरस मीटर शोषक सुती कापड, शिवाय वर्षाला ६ अंतर्वस्त्रे आणि महिन्याला २५० ग्रॅम जादा साबण असे किमान प्रमाण दिले आहे. अंतर्वस्त्र आणि साबण हे दोन शब्द अधोरेखित करून ठेवावेत. अंतर्वस्त्राशिवाय पॅड बसत नाही आणि साबणाशिवाय कापडी पॅड निरुपयोगी ठरतो. तरीही दात्यांच्या यादीत या दोन्ही वस्तू क्वचितच असतात.

आता ४० जणींच्या वाड्याचा हिशेब पाहू. महिन्याला १५ याप्रमाणे वर्षाला ७,२०० पॅड लागतात. प्रधानमंत्री जनऔषधी केंद्रांत मिळणाऱ्या ‘सुविधा’ पॅडची किंमत २०१९ पासून एका पॅडला १ रुपया आहे, म्हणजे वर्षाचा खर्च ७,२०० रुपये झाला. रक्कम लहान आहे आणि एखादे महिला मंडळ ती उभी करू शकते. मात्र त्याच वाड्यावर वर्षाला ७,२०० वापरलेले पॅडही साठणार आहेत, आणि त्या हिशेबाची ओळ मी फारच थोड्या अर्जांत पाहिली आहे. बाजारातून दुसरे पॅड घेणार असाल तर पाकिटावर भारतीय मानक आयएस ५४०५ चा उल्लेख आहे का ते पाहावे. पॅडवरचा वस्तू व सेवा कर जुलै २०१८ मध्ये काढून टाकला आहे, हे घाऊक खरेदी करताना लक्षात असू द्यावे. डिचोली तालुक्यात स्वयंसहाय्य गटाच्या स्त्रियांनी पाइनच्या लाकडापासून बनवलेल्या कागदाचे विघटनशील पॅड तयार केले आहेत. असे पॅड जवळच्या गटाकडून मिळत असतील तर थोडा जास्त दर देऊनही तेच घ्यावेत, असे माझे मत आहे, कारण त्या पैशाने दुसऱ्या गावातली एक चूल पेटते आणि आपला पुरवठाही लांबच्या गाडीवर अवलंबून राहत नाही.

कापडी पॅडबद्दल सविस्तर लिहावे लागेल, कारण इथे माझी स्वतःची चूक झाली होती. जुलै महिन्यात एका वाड्यावर आम्ही सुबक शिवलेले, आठ पदरी कापडी पॅड दिले. ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा गेलो तेव्हा बहुतेक घरांत ते बुरशीचे ठिपके पडून एका कोपऱ्यात पडले होते, आणि बायका जुन्या साडीच्या तुकड्यांकडे परतल्या होत्या. गोव्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि सह्याद्रीच्या पायथ्याला त्याहून जास्त. जाड, शिवलेला पॅड त्या हवेत तीन-तीन दिवस वाळत नाही. जुन्या साडीचा तुकडा मात्र उलगडून एकेरी पसरता येतो आणि लवकर सुकतो. बायकांची निवड अगदी शहाणपणाची होती. आम्ही ती आधी समजून घेतली नव्हती.

तेव्हापासून आम्ही कापडी साहित्य दिवाळीनंतर देतो, म्हणजे पहिले सहा-सात महिने उन्हात वाळवण्याची सवय लागते. पॅड शिवताना बाहेरचे कव्हर वेगळे आणि आतली घडी पूर्ण उलगडणारी ठेवतो. पावसाळ्यासाठी सहाऐवजी आठ ते दहा घड्या देतो. त्यांच्याबरोबर झाकणाची बालदी, दोरी आणि चिमटे देतो. बालदी भिजवायला लागते आणि झाकणामुळे ती घरात कोणाच्या नजरेला येत नाही. धुण्याची रीत सोपी आहे: आधी थंड पाण्यात भिजवावे, कारण गरम पाण्याने रक्ताचा डाग घट्ट बसतो. मग साबणाने चोळून स्वच्छ पाण्यात खळबळावे आणि उन्हात वाळवावे. ऊन नसेल तेव्हा वाऱ्याच्या जागी पसरावे आणि पूर्ण कोरडे करण्यासाठी गरम इस्त्री फिरवावी. ओलसर कापड दुसऱ्या कपड्याखाली दडवून वाळवणे हे खाज आणि बुरशीच्या संसर्गाचे नेहमीचे कारण आहे. लाज सोडा असे सांगून ती सुटत नाही. ओटीवरच्या दोरीवर वरून एक पातळ ओढणी टाकली तर हवा खेळते आणि आडोसाही राहतो. असा उपाय बाई दुसऱ्या दिवसापासून अमलात आणते.

मासिक पाळीचा कप हा तिसरा पर्याय आहे. केरळमधील आलप्पुळा नगरपालिकेच्या हद्दीत २०१९ मध्ये ५,००० कप वाटण्याचा उपक्रम झाला, आणि त्यानंतर या साधनाकडे मदतकार्यातही गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा कप अनेक वर्षे टिकतो, बारा तासांपर्यंत आत ठेवता येतो आणि कचरा जवळजवळ होत नाही. काजूच्या रानात जाणाऱ्या बाईला याहून सोयीचे साधन नाही. परंतु कप सरसकट वाटू नये. तो वापरायला शिकण्यात दोन-तीन पाळ्या जातात, त्या काळात विचारायला कोणीतरी जवळची बाई लागते, आणि पाळी सुरू होण्याआधी व संपल्यावर तो पाच-दहा मिनिटे पाण्यात उकळावा लागतो. ज्या घरात त्या दिवसांत स्वयंपाकघरात जायचे नसते तिथे उकळणार कोठे, हा प्रश्न आधी सोडवावा. कपासाठी वेगळे छोटे भांडे द्यावे. ज्या स्वतःहून विचारतील अशा चार-पाच जणींपासूनच सुरुवात करावी, आणि पुढे त्याच इतरांना सांगतील.

चौथी पायरी: वापरलेल्या पॅडची वाट ठरवा

साळगावचा घनकचरा प्रकल्प २०१६ पासून सुरू आहे आणि अनेक पंचायतींची गाडी घरोघरी येते, पण ती डोंगरावरच्या वाड्यापर्यंत जातेच असे नाही. म्हणून पंचायतीला तीन प्रश्न विचारावेत: गाडी कोणत्या वारी येते, वाड्यापासून किती अंतरावर थांबते, आणि वापरलेले पॅड कोणत्या पिशवीत, कसे गुंडाळून द्यायचे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी असे पॅड व्यवस्थित गुंडाळून देण्याची जबाबदारी घरावर आणि गुंडाळण्यासाठी पिशवी पुरवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. जुन्या वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून वर लाल टिंब काढले, की कचरा वेगळा करणाऱ्या हातांना कळते. ते हातही बहुधा बायकांचेच असतात, हे मुलींना आवर्जून सांगावे.

गाडी पोहोचत नसेल तर एकदा वापरायचे प्लास्टिकयुक्त पॅड त्या वाड्यावर नेऊच नयेत, असे मी स्पष्टपणे म्हणेन. परसात पालापाचोळ्याबरोबर ते जाळले तर कमी तापमानामुळे घातक धूर निघतो. शौचालयात टाकले तर सोकपिट म्हणजे शोषखड्डा तुंबतो, आणि पावसात ओढ्यात गेले तर खालच्या वाड्याच्या पाण्यात येतात. अशा ठिकाणी कापड, कप किंवा प्लास्टिकविरहित पॅड हेच पर्याय उरतात. पूर्ण विघटनशील पॅड खड्ड्यात पुरता येतात, मात्र खड्डा विहिरीपासून आणि झऱ्यापासून लांब असावा, कारण आपल्याकडच्या जांभ्या दगडातून पाणी झपाट्याने खाली उतरते. शाळेसाठी विजेची दहनपेटी देणगी म्हणून देण्याचा मोह अनेकांना होतो. तिची दुरुस्ती कोण करणार, विजेचे बिल कोण भरणार आणि राख कोण काढणार, हे लेखी ठरल्याशिवाय ती बसवू नये. झाकणाचा डबा, आतून कडी असलेला दरवाजा, नळाला पाणी आणि साबण यांवर तेच पैसे खर्च झाले, तर मुलींच्या रोजच्या उपयोगी पडतात.

पाचवी पायरी: बोलणे

वाटप आणि माहिती एकाच दिवशी ठेवू नये. पाकिटे समोर असली की लक्ष त्यांच्याकडे असते. मुलींचे सत्र पाचवी-सहावीपासून घ्यावे, म्हणजे पहिली पाळी येण्याआधी. पहिल्यांदा रक्त पाहून घाबरलेली मुलगी आठवीतच असते असे नाही, ती त्याआधीच्या वर्गातही असते. एका वेळी वीस-पंचवीसहून जास्त मुली नकोत. प्रश्न नाव न लिहिता चिठ्ठीवर मागवावेत.

सांगायच्या गोष्टी मोजक्या आहेत. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचे अंतर साधारण २१ ते ३५ दिवसांचे असते, आणि पाळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ते मागेपुढे होते. रक्तस्राव दोन ते सात दिवस चालतो. ते रक्त घाण नसते, गर्भाशयाचे अस्तर असते. पॅड चार ते सहा तासांनी बदलावा, रक्तस्राव कमी असला तरीही. बाहेरील भाग साध्या पाण्याने पुढून मागे धुवावा, आत साबण किंवा सुगंधी द्रव्य घालू नये. पोटात दुखत असेल तर शेक, हलकी हालचाल आणि डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी घेण्यात काही गैर नाही. मुलांसाठीही एक तास ठेवावा आणि तो पुरुष शिक्षकाने घ्यावा. चिडवाचिडवी कमी होण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

शिवाशिव आणि देवकार्य यांविषयी नव्या कार्यकर्त्यांनी विशेष जपून बोलावे. बाहेरून आलेल्या बाईने पहिल्याच भेटीत देवघराचा विषय काढला की सासू उठून जाते, आणि सासू उठली की सुनेलाही उठावे लागते. म्हणून आधी शरीराला अपाय करणाऱ्या गोष्टींबद्दल बोलावे: त्या दिवसांत आंघोळीला भरपूर पाणी मिळावे, पावसाळ्यात ओल आलेल्या जमिनीवर झोपायला लागू नये, जेवण पोटभर आणि ताजे असावे, आजारी पडली तर चार दिवस थांबवून न ठेवता डॉक्टरकडे न्यावे. यावर घरातल्या वडीलधाऱ्या बायका सहसा सहमत होतात. पुढचे बदल त्या घरातल्या मुली आपल्या वेळेने करतात, आणि त्यांनी ते केले की टिकतात.

या बोलण्यातून कधी एखादी मुलगी अत्याचाराविषयी सांगते. तेव्हा काय करायचे हे आधीच ठरलेले असावे. तिचे ऐकावे, इतरांसमोर प्रश्न विचारू नयेत, आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाबाबत अशी माहिती कळली की पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ आणि स्त्रियांसाठी १८१ हे मदत क्रमांक प्रत्येक कार्यकर्तीला पाठ असावेत.

सहावी पायरी: पाळीपलीकडचे आरोग्य

पाळीची चर्चा सुरू झाली की रक्तक्षय समोर येतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्यातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३९ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळल्या. चौथ्या फेरीत हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते, म्हणजे स्थिती सुधारण्याऐवजी खालावली आहे. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे १२ ग्रॅमहून कमी असेल तर तो रक्तक्षय मानतात. शाळांतून किशोरवयीन मुलींना आठवड्याला एक निळी लोह-फॉलिक आम्लाची गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या राष्ट्रीय जंतनाशक दिनांच्या सुमारास जंताची गोळी दिली जाते. गोळ्या मिळतात, पण मळमळ होते किंवा शौचाला काळे होते म्हणून त्या दप्तरात राहतात. काळे होणे अपायकारक नाही, रिकाम्या पोटी घेऊ नये, गोळीच्या आधी व नंतर तासभर चहा टाळावा आणि जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असावा, एवढे समजावून सांगितले तर बऱ्याच मुली गोळी घेऊ लागतात. त्यासाठी नव्या गोळ्या विकत आणण्याची गरज नाही. तांबडी भाजी, शेवग्याचा पाला, नाचणी, अळसांदे (चवळीसारखे कडधान्य) हे परसातले आणि ओळखीचे अन्न सांगावे.

पुढील तक्रारी ऐकल्या तर घरगुती सल्ला न देता आरोग्य केंद्रात पाठवावे: एका तासात पॅड पूर्ण भिजणे, सात दिवसांहून जास्त स्राव, पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी न येणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त जाणे, शाळा किंवा काम बुडावे इतके दुखणे, ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव. पाठवणे म्हणजे चिठ्ठी देणे नव्हे. बस किती वाजता आहे, सोबत कोण जाईल, त्या दिवशी तिथे स्त्री डॉक्टर आहे का, हे पाहून द्यावे. गंभीर स्थितीत १०८ बोलवावी, आणि रस्ता वाड्यापर्यंत नसेल तर रुग्णवाहिका कोठे उभी राहील व तिथपर्यंत रुग्णाला कसे आणायचे हे पावसाळ्यापूर्वीच गावाशी बोलून ठरवावे. मोठ्या उपचारांसाठी गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आहे का ते विचारावे. ही योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी पाच वर्षांच्या वास्तव्याची अट असल्यामुळे नवे मजूर बहुधा तिच्याबाहेर राहतात, आणि त्यांच्यासाठी मदतीचा वेगळा निधी ठेवावा लागतो.

आरोग्य शिबिर घ्यायचेच असेल तर तपासणाऱ्या डॉक्टरांची नोंदणी पाहावी आणि सापडलेल्या रुग्णांचा पाठपुरावा कोण करणार हे ठरवल्याशिवाय तारीख जाहीर करू नये. घरात उरलेली, अर्धवट वापरलेली औषधे देणगी म्हणून स्वीकारू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेची औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वे हातात पोहोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी असे सांगतात. सत्तरीत काम करणाऱ्यांनी माकडतापाची माहितीही ठेवावी. २०१५ पासून या तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडांमुळे पसरतो आणि जानेवारी ते मे या काळात, म्हणजे काजूच्या हंगामातही, रानात जाणाऱ्यांना धोका असतो. अंगभर कपडे, आरोग्य केंद्राने दिलेले गोचीडरोधक तेल, घरी आल्यावर गरम पाण्याची आंघोळ आणि ताप आल्यास त्याच दिवशी केंद्रात जाणे, हे पाळीच्या सत्रातच सांगून टाकावे, कारण ऐकणाऱ्या बायका त्याच आहेत.

सातवी पायरी: पैसा, कागद आणि संमती

गोव्यात एक कायदेशीर बाब विशेष लक्षात ठेवावी लागते. गावातली अनेक माणसे परदेशात आहेत आणि मदत पाठवायला उत्सुक असतात. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने नेहमीच्या बँक मार्गाने दिलेली देणगी परकीय देणगी ठरत नाही. मात्र पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेला आपलाच गावकरी कायद्याच्या दृष्टीने परकीय स्रोत आहे, आणि त्याच्याकडून संस्थेसाठी पैसे किंवा वस्तू घ्यायच्या तर २०१० च्या परकीय देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. लहान गटाने या फंदात न पडता स्थानिक निधीवर काम करावे, हे बरे. कंपन्यांकडे सामाजिक दायित्व निधी मागताना वर्षभराचा पुरवठा आणि कचऱ्याची व्यवस्था हे दोन्ही खर्च अर्जात लिहावेत.

पाकीट घेताना मुलीचा फोटो काढू नये. दात्याला पुरावा हवा असेल तर पावत्या, साठ्याची वही आणि मुख्याध्यापकांचे पत्र द्यावे. याद्यांत नावाऐवजी क्रमांक वापरावा. कोणत्या मुलीला पाळी सुरू झाली, ही माहिती गावात फिरता कामा नये.

आठवी पायरी: पुराच्या आधीची तयारी

२३ जुलै २०२१ रोजी म्हादई आणि तिच्या उपनद्यांना आलेल्या पुरात सत्तरी, डिचोली आणि धारबांदोडा भागांत शेकडो घरे पडली किंवा पाण्याखाली गेली. अशा प्रसंगी तांदूळ, चादरी आणि बिस्किटे लवकर पोहोचतात. भिजलेल्या कपड्यांत पाळी आलेल्या बाईची गरज यादीतच नसते, कारण यादी करणाऱ्यांत ती नसते. म्हणून मेच्या अखेरीस वाड्यापासून उंच जागी, शाळेत किंवा एखाद्या सभागृहात, तीस-चाळीस संच बांधून ठेवावेत. एका संचात एकदा वापरायचे पंधरा पॅड, दोन मापांची अंतर्वस्त्रे, साबण, गडद रंगाचा टॉवेल, छोटी विजेरी, वर्तमानपत्र आणि पिशव्या असाव्यात. पुरात कपडे वाळत नाहीत आणि पाणी गढूळ असते, त्यामुळे एरवी कापडी पॅडचा आग्रह धरणाऱ्यांनीही इथे एकदा वापरायचेच पॅड ठेवावेत. संच प्लास्टिकच्या घट्ट पिंपात ठेवावेत आणि किल्ली दोन बायकांकडे असावी. संच वापरले गेले नाहीत तर ऑक्टोबरमध्ये ते नेहमीच्या वाटपात घ्यावेत आणि पुढच्या मे महिन्यात नवे भरावेत.

नववी पायरी: तिसऱ्या महिन्याची भेट

पहिल्या वाटपानंतर तिसऱ्या महिन्यात साहित्य न नेता पुन्हा जावे. किती पाकिटे दिली हे आपल्या वहीत आहेच. या भेटीत बाईला चार गोष्टी विचाराव्यात: दिलेले वापरले का, काय अडले, वापरलेले कोठे गेले, आणि यातले काय बदलून हवे. ज्यांनी वापरले नाही त्यांच्याकडे अधिक वेळ बसावे. कोणी ते लग्न झालेल्या मुलीला दिलेले असते, कोणाला कडक लागते, कोणाच्या घरात ते नवऱ्याने नाकारलेले असते. प्रत्येक कारणावर वेगळा उपाय आहे. याच भेटीत वाड्यातल्या दोन बायका निवडाव्यात, ज्यांच्याकडे साठा राहील आणि ज्यांच्या दारी रात्री नऊ वाजताही मुलगी न संकोचता जाऊ शकेल. त्यांना साठ्याची वही, आरोग्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक आणि परिचारिकेच्या भेटीचे वेळापत्रक द्यावे, आणि पुढच्या वाटपाची तारीख त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी.